मामांनी रंगवलेल्या भेगा

माझे मामा पेंटर आहेत, आणि गेली अकरा वर्षं ते धडधाकट दुकानं पडीक दिसतील अशी रंगवून देतात. कोऱ्या पत्र्यावर गंज, ताज्या गिलाव्यावर ओल, सरळ भिंतीवर भेग. हे वाचून हसू येत असेल तर खुशाल हसा. पहिली दोन वर्षं आम्हीही हसलो.

त्याचं असं आहे, आमच्या बाजारातून हप्ता गोळा करणारी एक मंडळी आहे. गुंड म्हटलेलं त्यांना आवडत नाही, आणि त्यांना जे आवडत नाही ते आम्ही म्हणत नाही, म्हणून आपलं मंडळी. त्यांचं काम मात्र सरकारी कचेरीला लाजवील इतकं शिस्तीचं. वर्षातून एकदा त्यांचा माणूस हातात टेप घेऊन येतो, प्रत्येक दुकान आतून-बाहेरून न्याहाळतो आणि दर ठरवतो. त्याला आम्ही टेपवालेसाहेब म्हणतो. दर कमाईवर नसतो, कारण कमाई सगळेच खोटी सांगतात हे त्यांना ठाऊक आहे. दर दिसण्यावर असतो. पुढे काच असली की दर चढला. पाटीवर दिवा असला की आणखी चढला. गिऱ्हाइकाला बसायला खुर्ची असली, तर "वा, पाहुणचार चाललाय" म्हणून चढला. एका वर्षी चपलांच्या दुकानदाराने नुसतं हसून स्वागत केलं, तर साहेब म्हणाले, "खुशीत दिसता," आणि काहीतरी लिहून घेतलं. तेव्हापासून तो पाहणीच्या दिवशी गालाला रुमाल बांधून, दाढ ठणकत असल्यासारखा बसतो.

मामा त्याआधी खरे पेंटर होते. पाट्या रंगवायचे. लाल हा त्यांचा लाडका रंग. लाल पाटी रस्त्याच्या टोकावरून हाक मारते असं म्हणायचे. मग एक दिवस कापडवाला त्यांच्याकडे आला आणि हळूच म्हणाला, "पाटी जरा जुनी करून द्याल का? म्हणजे आमचं काही खरं नाही अशी दिसायला हवी." मामांनी गंमत म्हणून करून दिली. कापडवाल्याचा दर निम्म्यावर आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मामांच्या दारात रांग.

आणि खरं सांगायचं तर मामांची प्रतिभा तिथेच फुलली. विटेची भुकटी, डिंक आणि चहाचं कडू पाणी यांतून ते असा गंज करायचे की हात लावल्यावर माणूस बोटं पुसायचा. रंगाचे पोपडे, कोपऱ्यातली जळमटं, पावसाने उतरलेले ओघळ, सगळं ब्रशने. पण त्यांचा हातखंडा म्हणजे भेग. एकच बारीक ब्रश, श्वास रोखलेला, आणि डावीकडून उजवीकडे एक वेडीवाकडी रेघ. मग दिवसाचा उजेड कुठून येतो ते बघून खालच्या कडेला सावली. "भेग नुसती ओढायची नसते," ते मला सांगायचे. "भिंतीला कुठे दुखतंय ते आधी विचारावं लागतं." भिंतीला कुठेच दुखत नसायचं, ही गोष्ट वेगळी.

हळूहळू सगळा बाजारच या कलेला लागला. शिंप्याने दारातल्या पुतळ्याला ठिगळाचा सदरा घातला आणि त्याचा एक हात काढून ठेवला. दिव्यांचा दुकानदार अंधारात बसू लागला. बल्ब चालतो की नाही हे बघायला तो गिऱ्हाइकाला गल्लीपलीकडे आपल्या घरी न्यायचा. फर्निचरवाल्याने तीन पायांची टेबलं मांडली. चौथा पाय मागच्या दाराने पिशवीत घालून मिळायचा. माझं छत्र्यांचं दुकान. मी दारात एक भोक पडलेली छत्री टांगली आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झालो. लोक म्हणू लागले, दारातली अशी, तर आतल्या कशा असतील! मला त्या लोकांचा राग यायचा. आता माझा मलाच येतो.

कारण टेपवाल्याला फसवायला जे केलं, ते गिऱ्हाइकालाही दिसत होतंच की! पिठाच्या गिरणीवाल्याने नव्या यंत्रासाठी कर्ज मागितलं, तर बँकेचा माणूस जागा बघायला आला, वर बघितलं, आणि गिरणीवाल्याचा दंड धरून त्यालाच बाहेर घेऊन आला. "आधी जीव सांभाळा," म्हणाला. खिळे-स्क्रूवाल्याच्या मुलाला सांगून आलेली मुलगी दुकान बघून आल्या पावली परत गेली. बिचारा बाप मुलीकडच्या लोकांच्या मागे धावत कुजबुजत होता, "अहो, खोटं आहे सगळं! चांगलं चाललंय आमचं!" पण हे मोठ्याने सांगायची सोय नव्हती. गिऱ्हाईक पुलापलीकडच्या बाजाराला जाऊ लागलं. गिऱ्हाईक घटलं, आमची कमाई घटली, सगळेच पडके म्हणून हप्ताही घटला. मग मंडळींनी काय करावं? पडक्या दुकानाचाच दर वाढवला. त्यावर आम्ही काय करावं? आणखी पडके झालो. अर्थशास्त्र मी शिकलो नाही, पण झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ती इतकी वर्षं झाकून ठेवली की बोटं आखडतात, एवढं मला कळतं. आमच्या बाजारात एकच धंदा जोरात होता, तो मामांचा.

अशात मामांची मुलगी परत आली.

ती परगावी एका मोठ्या पार्लरमध्ये केस कापायचं काम करत होती. मामी गेल्यापासून मामा घरात एकटे, स्वतःच रांधायचे आणि स्वतःच त्याला नावं ठेवायचे. पोर परत येतेय म्हटल्यावर त्यांना काय करू नि काय नको झालं. तिने साठवलेल्या पैशांतून बाजाराच्या तोंडाशी एक गाळा घेतला, सहा महिन्यांचं भाडं आगाऊ भरून. हिशेब सरळ होता. सहा महिन्यांत खुर्ची भरली तर ती कायमची इथे. नाही भरली तर परत त्या पार्लरमध्ये, दुसऱ्याच्या हाताखाली, आणि मामा परत एकटे.

"मला मोठा आरसा हवा," ती म्हणाली. "पांढरा उजेड हवा. आणि लाल पाटी. बाबा, तुमच्या हातची."

मामा घोटभर पाणी प्यायले. "देतो की. पाहणी होऊन जाऊ दे, मग देतो."

"पाहणी कधी आहे?"

"पाचव्या महिन्यात."

"आणि तोवर?"

तोवर मामांनी लेकीसाठी आयुष्यातलं सर्वोत्तम काम केलं. पाटीवरची दोन अक्षरं निखळल्यासारखी, आरशाला काळे डाग, दारावर वाळवीची वाट. त्यांनी जीव ओतला हो! दुसऱ्या कोणाचं काम असतं तर एवढं केलं नसतं. बापाची माया अशीही असते, आणि ती आंधळी असते हे म्हणणाऱ्यांना मी त्या गाळ्यात नेऊन बसवायला तयार आहे.

केस कापायला अशा जागी कोण जाईल? पहिल्या महिन्यात तीन माणसं आली. एक मी, एक माझी बायको, आणि तिसरा, गाळा पाडणार कधी, विटा विकायच्या आहेत का, असं विचारायला आलेला. माझी बायको बाहेर आली तेव्हा केस इतके सुरेख कापलेले की मी घरी जाईपर्यंत तिच्याशी अदबीने बोलत होतो. पण बाजारात एकीनेही विचारलं नाही, कुठे कापलेस म्हणून. त्या आरशात बघून कोणाचं भलं होईल असं कोणाला वाटणार?

दुसऱ्या महिन्यात बाप-लेकीचं कडाक्याचं भांडण झालं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही मला वाचवत नाही आहात, गाडताय." ते म्हणाले, "तुला काय कळतंय!" जे कळत होतं ते तिलाच कळत होतं. पण त्या दिवसापासून घरात रंग हा विषय बंद. जेवण, पाणी, तब्येत, सगळं बोलायचे. रंगाबद्दल एक अक्षर नाही. पुढचा सगळा घोळ या अबोल्यातून झाला.

चौथ्या महिन्यात एक दिवस मामा माझ्या दुकानी आले. चेहरा असा की लॉटरी लागली असावी. मला कोपऱ्यात ओढून म्हणाले, "पोरीच्या छज्ज्याखालची भेग बघितलीस?"

"बघितली. झकास जमलीय."

"माझी नाही ती."

"मग?"

"तिची आहे!" मामांचे डोळे पाणावले. "मी भेग डावीकडून नेतो, ही उजवीकडून आलीय. आणि खाली भुगा बघितलास? गिलाव्याचा भुगा! रोज ताजा टाकते. अकरा वर्षांत मला हे सुचलं नाही रे. मला बोलली नाही, रुसलीय ना. पण हात बापाचाच आलाय."

मी जाऊन बघितलं. खरंच सरस काम होतं. भेग रोज थोडी वाढायची. आम्ही म्हणायचो, काय चिकाटी आहे पोरीची, एकदम नाही, घाईने नाही, रोज एक बोट. सकाळी ती छज्ज्याखाली भुगा झाडताना दिसायची, तेव्हा आम्ही एकमेकांना डोळा मारायचो, की बघा, कशी साळसूदपणे झाडतेय. शिंपी येऊन बघून गेला. फर्निचरवाल्याने त्यात बोट घालून पाहिलं, बोट आत गेलं, तर तो म्हणाला, "रंगात खोली दाखवणं फार अवघड." आमच्यासारख्या गाढवांच्या जिवावर जग कसं चालतं, देव जाणे.

पाचव्या महिन्यात टेपवालेसाहेब आले. मोटारसायकल छज्ज्याखाली सावलीत लावली. माझी मामेबहीण दारातच भुगा झाडत होती. त्यांनी आरसा बघितला, वाळवी बघितली, टेप उघडलासुद्धा नाही. "इथून काय नेणार!" म्हणाले. "सगळ्यात खालचा दर. उलट तुम्हालाच काहीतरी द्यावंसं वाटतंय." आणि पाणी मागितलं. ती झाडू ठेवून पाणी आणायला आत गेली. मामा आणि मी रस्त्यापलीकडून बघत होतो. मामांनी अभिमानाने माझा हात दाबला.

आणि छज्जा खाली आला.

सगळाच्या सगळा. मोटारसायकलवर. धुळीतून आम्हाला एवढंच दिसलं की जिथे ती दोन मिनिटांपूर्वी वाकून झाडत होती, तिथे आता सिमेंटचा ढीग होता आणि त्यातून एक आरसा डोकावत होता, मोटारसायकलचा. मामा धावत सुटले. मग आतून ती पाण्याचा पेला घेऊन बाहेर आली, पेला तसाच हातात, आणि मामा रस्त्यातच मटकन खाली बसले.

"तू नव्हती काढलीस?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"भेग."

"मी? मला वाटलं तुम्ही! म्हटलं, बोलत तर नाहीत, पण रात्री येऊन गुपचूप वाढवून जातात. मी तर रोज शिव्या घालत झाडत होते."

मामा ढसाढसा रडले. भर बाजारात, धुळीत बसून, लेकीच्या पायाला हात लावून रडले. मला माझ्या मामांची अशी दया कधी आली नव्हती आणि इतका रागही कधी आला नव्हता. टेपवालेसाहेब मात्र भानावर येऊन विचारत होते, "गाडीचं कोण भरून देणार?" चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. मग त्यांनी सवयीने ढिगाऱ्याला टेप लावून बघितला.

गाळ्याचा मालक संध्याकाळी आला आणि ढीग बघून चक्क खूश झाला. "दुरुस्ती? छे! दुरुस्त केलं की दर चढतो. आहे तसं छान पडलंय."

"मी सोमवारी जाते," ती मामांना म्हणाली. आवाज चढवला नाही, म्हणून जास्त लागलं.

"दुसरा गाळा बघू ना. बाजारात जागांना काय तोटा?"

"बघू. पण तुम्ही सांगा बाबा, यातली कुठली भिंत चांगली आहे? कुठल्या छताखाली मी पोरीबाळींना डोळे मिटून खुर्चीत बसायला सांगू?"

मामांनी बाजाराकडे बघितलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळीकडे भेगाच भेगा, आणि कुठली कोणाची हे आता त्यांनाही सांगता येईना. ते उठले, घरून टर्पेंटाइनचा डबा आणि चिंध्या घेऊन आले, आणि पहिल्याच दुकानाच्या भिंतीला भिडले. पुसली गेली तर भेग मामांची. नाही गेली तर खरी.

शनिवार, रविवार हेच चाललं. सगळा बाजार मामांच्या मागून. सुरुवातीला तमाशाच होता. भेग पुसली गेली की टाळ्या पडायच्या, चपलांचा दुकानदार तर अकरा वर्षांत पहिल्यांदा मोकळा हसला. मग त्याच्या दुकानातली एक भेग पुसली गेली नाही. मामांनी जोर लावला, चिंधी बदलली. भेग तिथेच. कापडवाल्याकडे तीन गेल्या, पाच राहिल्या. गिरणीत एकही गेली नाही. टाळ्या थांबल्या. अकरा वर्षं आम्ही एक वीट बदलली नव्हती, एक कौल सारखं केलं नव्हतं. दुकान पडकं दाखवायचं होतं ना, मग दुरुस्त कोण करणार? वर मामांचे रंग, म्हणून खाली काय चाललंय हे कोणी बघितलंच नाही. माझ्या दुकानात मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "गल्ल्यामागची तुमचीच आहे मामा, मी स्वतः चहा पाजला होता तेव्हा." मामा पाच मिनिटं घासत होते. शेवटी त्यांनी चिंधी माझ्या हातात दिली आणि पुढे गेले.

रविवारी दुपारी बाजार संपला. शेवटच्या टोकाला एकच इमारत उरली होती. तिच्यावर मामांचा ब्रश कधी फिरला नव्हता, कारण तिला गरीब दिसायची गरज नव्हती. मंडळींची कचेरी. दरवर्षी नवा गिलावा, नवा रंग. वरच्या मजल्यावर ते बसायचे. खालची खोली रिकामी.

"नाही," मामा म्हणाले. "आगीतून फुफाट्यात?"

"फुफाट्यात छत तरी डोक्यावर पडत नाही," असं म्हणून ती थेट जिना चढली.

वर काय झालं ते तिने नंतर सांगितलं. टेपवालेसाहेब म्हणाले, खोली देतो, पण भाडं वेगळं आणि हप्ता वेगळा. ती म्हणाली, "म्हणजे तुम्हीच खाली उतरून तुमच्याच इमारतीची पाहणी करणार, आणि छान दिसते म्हणून तुमच्याच घराला दर लावणार?" यावर तिथे बराच वेळ चर्चा झाली. पंधरा-वीस वर्षांच्या कारभारात असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. शेवटी भाडंच भरभक्कम ठरलं, हप्ता त्यातच धरला, आणि साहेबांनी जाता जाता विचारलं, पुरुषांचे केस कापता का. गाडी नव्हती, बिचाऱ्यांना लांब जायला जमत नव्हतं.

सोमवारी ती गेली नाही. सोमवारी मामांनी लाल रंगाचा डबा उघडला. झाकण इतकं घट्ट बसलं होतं की मला स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटावं लागलं. अकरा वर्षांनी त्यांनी सरळ, भरीव, एकही डाग नसलेली पाटी रंगवली. मोठा आरसा लागला, पांढरा उजेड लागला, आणि पहिल्याच आठवड्यात पुलापलीकडच्या बायकासुद्धा येऊन बाकावर बसल्या. रस्त्याच्या टोकावरून पाटी दिसत होती. माझी बायको जाऊन आलीच, शिवाय सासूबाईंनाही घेऊन गेली.

संध्याकाळी मामा आणि मी समोर उभे राहून बघत होतो. आत माझी मामेबहीण कात्री चालवत होती आणि खुर्चीतली बाई डोळे मिटून निवांत बसली होती. मामा पुढे झाले, पाटीखालच्या भिंतीवर तळहात टेकवला, मग मुठीने दोन ठिकाणी ठोकून पाहिली.

"पक्की आहे?" मी विचारलं.

"अगदी."

"अशी भिंत आपल्यात एकाकडेही नाही हो मामा."

"कशी असेल?" मामा म्हणाले. "आपल्या सगळ्यांचा गिलावा हिलाच लागलाय."